दुधी धरलाच नाही

दसऱ्यानंतर मांडव उतरवायला घेतला की हंगामाचा खरा हिशोब समोर येतो. सुतळ्या कापायच्या, वाळलेले ताणे ओढून काढायचे. चार महिने ज्याच्यासाठी पावसात भिजत काठ्या बांधल्या, त्या वेलाने दिलेला असतो एक दुधी, तोही वाकडा. शेजारी भेंडीची पानं पिवळी जाळीदार झालेली, मिरचीची चुरडलेली. टोमॅटोला फुलं आली आणि गळून गेली. घरातलं कोणीतरी सहज म्हणतं, "अगं, मंडईत वीस रुपयांना मिळतो की दुधी!" बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ते वाक्य लागतं. वीस रुपये वाचवायला आपण बी टोचलेलं नसतं.

ज्यांचं परस किंवा गच्ची यंदा अशी गेली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुण्यात गच्चीवर भाजी लावायला लागून मला पंधरा वर्षं झाली. त्यातले चार हंगाम तरी जवळजवळ पूर्ण वाया गेले. पहिल्या वेळी मी सगळ्या कुंड्या एका दुपारी रिकाम्या केल्या आणि वर्षभर गच्चीवर फिरकले नाही. ती दुपार मला अजून सलते. पीक तर गेलंच होतं, पण ते का गेलं हे सांगणारी झाडंही मी त्या रागात कचऱ्यात टाकली.

आधी पावसाच्या वाट्याचं पावसाच्या पदरात टाका. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. २०२५ साली तो २६ मेलाच पोचला, आणि इतक्या लवकर तो आल्याची नोंद आधी नव्हती. मे महिन्यात माती उन्हात वाळवायची, पिशव्या भरून ठेवायच्या आणि मृगाच्या सरींवर बी टोचायचं, असा ज्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता, त्यांची माती वाळायच्या आधीच चिखल झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी उभी पिकं आणि त्याखालची जमीनही खरवडून नेली. शेतकऱ्याच्या त्या नुकसानीशेजारी आपल्या दहा कुंड्यांचं दुःख मांडता येत नाही, मांडूही नये. पण आभाळ तेच होतं. ज्याला तिथे अनुभवी माणूस पुरा पडला नाही, त्यापुढे आपण टिकलो नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवण्याचं कारण नाही.

आपल्याकडे म्हणतात, अमकीच्या हाताला गुण आहे, तिने काडी रोवली तरी फुटते. मग ज्याची भाजी येत नाही तो मनात धरून बसतो की आपल्या हाताला गुण नाही. हे मला मुळीच मान्य नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या आजीच्या हाताला गुण होता असं सगळे म्हणत. ती काय करायची ते मी पाहिलं आहे. सकाळी चहाच्या आधी ती परसात एक फेरी मारायची, दर दोन पावलांवर थांबून पान उलटं करून बघायची. ते रोजचं बघणं कोणालाही जमतं. वाया गेलेल्या हंगामानंतरही सुरुवात त्या बघण्यापासूनच करायची आहे.

म्हणून सगळं उपटायच्या आधी एक सकाळ नुसती पाहण्यासाठी काढा. पान उलटा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून पाहा. झाड हलवल्यावर पांढरे कण उडाले तर ती पांढरी माशी. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग आणि टोमॅटोची पानं वाटीसारखी वळवणारा रोग, दोन्ही विषाणूजन्य आहेत आणि दोन्ही या माशीमुळे पसरतात. असं झाड खताने किंवा फवारणीने बरं होत नाही. ते मुळासकट काढून पिशवीत बांधून टाकायचं. मिरचीच्या चुरडामुरड्याचं मात्र एकच कारण नसतं. पान वरच्या बाजूला वळलं असेल तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळलं असेल तर बहुधा कोळी. झाडात जोर शिल्लक असेल तर शेंडे छाटा, निंबोळी अर्क फवारा, आणि पंधरा दिवस वाट पाहा. नवा फुटवा स्वच्छ निघाला तर मिरची वाचली.

एखादं झाड उपटून मुळं बादलीत धुऊन पाहा. हे फार थोडे लोक करतात. वांगी, टोमॅटो, भेंडीच्या मुळांवर गाठी गाठी दिसल्या तर मातीत सूत्रकृमी आहेत. मग वरून कितीही खत घाला, झाड दुपारी मान टाकणारच. शेंगावर्गातल्या झाडांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या बोटाने सहज सुटतात, आतून गुलाबी असतात आणि उपयोगाच्या असतात. सूत्रकृमीची गाठ मुळातच फुगलेली असते, सुटत नाही. मुळं काळी, कुजकट वासाची असतील तर पाणी तुंबलं. कुंडीच्या तळाचं भोक मातीने बुजलेलं तुम्हाला बहुधा तिथेच सापडेल.

आता दुधीचं. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच की वेल एवढा मांडवभर गेला, फुलं भरभरून आली, तरी फळ का धरलं नाही?

दुधी, दोडका, कारलं, काकडी, भोपळा या सगळ्यांना एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. आधी बरेच दिवस नर फुलंच येतात, तेव्हा सुरुवातीची फुलं गळाली म्हणून घाबरायचं कारण नाही. मुख्य शेंडा हातभर वाढल्यावर खुडला की बगलफुटी येते आणि दुधीची मादी फुलं बहुतेक त्या बगलफुटींवर लागतात. ज्यांनी वेल सरळ वर जाऊ दिला, त्यांना मांडवभर पानं मिळाली ती यामुळे.

मादी फुलं आली आणि तरीही बारकी फळं पिवळी पडून गळाली, तर दोन शक्यता उरतात, आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. गळालेलं फळ उचला आणि उभं चिरा. आत अळ्या असतील, किंवा सालीवर टाचणीने टोचल्यासारखा डाग आणि डिंकाचा थेंब असेल, तर ते फळमाशीचं काम. अशी फळं मातीवर पडू देऊ नका, कारण अळी मातीत जाऊन कोष करते आणि तिथूनच पुढची माशी निघते. ती बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा किंवा चांगली खोल पुरा. पुढच्या वेळी मांडवात कामगंध सापळा लावा आणि फळ बोटाएवढं झालं की त्याला कागदी पिशवी बांधा.

फळ चिरल्यावर आत काहीच नसेल, ते टोकाकडून नुसतं सुकत आलं असेल, तर परागीभवन झालं नाही. झिमझिम पावसात मधमाशी बाहेर पडत नाही आणि भिजलेले परागकण निकामी होतात. पाचव्या-सहाव्या मजल्यावर तर कोरड्या दिवशीही माश्या मोजक्याच येतात. मग ते काम आपल्या हाताने करायचं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. पण हे कधी करायचं, यात अनेकांची मेहनत वाया जाते. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल मात्र संध्याकाळी उमलतं. दुधीकडे रात्रीचे पतंग येतात. सकाळी नऊ वाजता दुधीच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करून काहीही होत नाही. दिवेलागणीला जा. सलग दोन कोरड्या संध्याकाळी मिळाल्या तरी चार फळं धरतात. मला हे कळायला तीन हंगाम लागले. संध्याकाळी गच्चीवर कोण जातं, आणि गेलं तरी फूल कोण पाहतं!

पाला रग्गड आणि फूल नाही, अशी तक्रार वाल आणि पावट्याबद्दलही येते. यात एक कारण खताचं आहे. शेणखत, गांडूळखत, वर दर आठवड्याला जीवामृत, असं लाडाने घातलं की वेल माजतो. दुसरं कारण मात्र आपल्या हातात नाही. आपल्याकडचे बरेचसे जुने वाल-पावटे दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जुलैत लावले तरी ते ऑक्टोबरपर्यंत नुसते पसरणार. कोकणात वाल भात कापल्यावर, शेतातल्या ओलीवर टाकतात, त्यामागे हेही शहाणपण आहे. तुमच्या मांडवावर पावट्याचा हिरवागार, बिनफुलांचा वेल अजून उभा असेल तर तो कृपा करून उपटू नका. त्याची वेळ आत्ता येते आहे.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सदनिकांमध्ये राहणाऱ्यांचं बरंचसं अपयश इथे असतं आणि ते दिसत नाही. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की दुपारीही क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच राहतो. म्हणजे दक्षिणेच्या ज्या बाल्कनीत जानेवारीत पार आतल्या भिंतीपर्यंत ऊन येत होतं, तिथेच जून-जुलैत वरच्या स्लॅबची सावली पडते. उत्तरेच्या बाल्कनीचं उलट. हिवाळ्यात ऊन पाहून कुंड्या मांडल्या आणि पावसाळ्यात भेंडी उंच, लुकडी होऊन बसली, यात बियाण्याचा दोष नाही. फळभाजीला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन लागतंच. तेवढं मिळत नसेल तर त्या जागी फळभाजीचा हट्ट सोडा. पालक, पुदिना, अळू, मायाळू तीन तासांवरही भागवतात.

तर कारण सापडलं, निदान अंदाज आला. आता लगेच सगळं नव्याने लावायची घाई होते. जी भाजी फसली तीच पुन्हा लावून दाखवावी, अशी एक ईर्ष्या मनात येते. नोव्हेंबरात लावलेली भेंडी थंडीत आखडून बसते. दोडका, कारलं यांचंही तेच. त्यांना जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत बी टोचणं बरं, म्हणजे उन्हाळ्यात फळ येतं. टोमॅटोचं मात्र उलट आहे. पावसात करप्याने आणि गरम रात्रींमुळे फूलगळीने गेलेला टोमॅटो देशावर आत्ता, गार रात्रींत, छान धरतो. रोपांवर पहिला महिना बारीक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी टाका, म्हणजे पांढऱ्या माशीपासून ती वाचतील. पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही, असं करू नका. फळाचं बूड काळं पडतं ते अशाने. तो संसर्गाने येणारा रोग नव्हे. पाण्यात खंड पडला की फळाला चुना पोचत नाही, एवढंच.

मातीला मात्र आधी सावरायला हवं. पावसाने कुंडीतलं अन्न धुऊन गेलेलं असतं आणि माती दगडासारखी बसलेली असते. ती ताडपत्रीवर ओतून चार-पाच दिवस कडक उन्हात पसरा, ढेकळं फोडा, जुनी मुळं वेचा. फळमाशीचे कोषही यात उघडे पडतात. मग तीन पाट्या मातीला एक पाटी मुरलेलं कंपोस्ट आणि दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड घाला. सूत्रकृमी निघाले असतील त्या मातीत वांगं, टोमॅटो, भेंडी वर्षभर नको. झेंडू दाट लावा. एप्रिल-मेमध्ये तीच माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिना-दीड महिना तापू द्या. ज्यांच्या घरामागे खरी जमीन आहे त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा नमुना द्यावा. दुकानातून आणखी एक बाटली आणण्यापेक्षा तो खर्च कितीतरी सार्थकी लागतो.

बाटल्यांबद्दल माझं मत कडक आहे. निराश माणूस वाटेल ते विकत घेतो. पानं पिवळी दिसली की सूक्ष्म अन्नद्रव्यं, फूल गळालं की संजीवक, आणि मग सगळं एकाच आठवड्यात. त्यातलं नक्की काय लागू पडलं हे शेवटी कळत नाही. घरचा पाच टक्के निंबोळी अर्क बहुतेकांना पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गाळायची, एकूण पाणी लिटरभर करायचं, किंचित साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारायचं. आणि एका वेळी एकच उपाय करायचा.

कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी प्रयोग परिवार उभा केला, तो याच वृत्तीवर. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्याने आपल्याच बांधावर प्रयोग करावा, मोजावं, लिहावं आणि एकमेकांना सांगावं, हा त्यांचा आग्रह होता. त्यात फसलेल्या प्रयोगालाही किंमत होती, मात्र तो लिहिलेला असेल तर. आपल्यालाही मोठी वही नको. दुधाचा हिशोब ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, त्याच चौकटींत बी कधी टोचलं, पहिलं फूल कधी आलं, पहिला तोडा कधी झाला, मोठा पाऊस कधी पडला, एवढंच लिहा. माझ्या २०१९च्या कॅलेंडरवर ऑगस्टभर एकच शब्द आहे, 'पाऊस', आणि खाली एका चौकटीत 'मायाळू पुन्हा खुडला'. पुढच्या जूनची यादी करताना मला दुसरं काही वाचावं लागलं नाही. तेव्हापासून पावसाळ्यात मी अळू, मायाळू, अंबाडी, एक काकडी आणि दोनच दुधी लावते.

कमी लावा, हे मी सगळ्यांनाच सांगते. पंधरा प्रकारच्या पंधरा कुंड्यांनी एकाही भाजीची एक वेळ भागत नाही, आणि पंधरा तऱ्हांची दुखणी मात्र सांभाळावी लागतात. घरात खरोखर आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या तीन भाज्या निवडा. भेंडीची चार जणांची भाजी हवी तर आठ-दहा झाडं एकत्र हवीत. जे वांगं पावसात तगलं, ते काढू नका. गुडघ्याएवढं छाटा, खत घाला, त्याचा खोडवा थंडीत चांगला येतो.

आणि वाईट हंगामातही जे एखादं झाड शेवटपर्यंत निरोगी राहिलं, त्याच्यावर खूण बांधा. सगळ्या भेंड्या पिवळ्या पडल्या आणि एकच हिरवी राहिली, तर तिच्यावरच्या दोन भेंड्या तोडू नका, झाडावरच वाळू द्या. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर त्या बियांतून हुबेहूब तसंच झाड येणार नाही. पण परभणी क्रांतीसारखं सरळ वाण किंवा कोणी दिलेलं गावठी बी असेल तर हे बियाणं सोन्यासारखं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला तो गावरान बियाणं असं घरोघरी निवडून, राखून, वाटून वाढवल्याबद्दल. बी चांगलं वाळवून राखेत घोळून डब्यात ठेवा. लावण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून पाहा. सहाहून कमी रुजल्या तर बी जास्त टाका, किंवा नवं आणा.

काही जणांना यातलं काहीच आत्ता करावंसं वाटणार नाही. घरात आजारपण झालं असेल, कोणी गेलं असेल, किंवा नुसताच शीण असेल. तर करू नका. कुंड्यांवर वाळक्या पानांचा जाड थर टाका, आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा आणि फेब्रुवारीपर्यंत राहू द्या. माती उघडी मात्र ठेवू नका. पानांखाली ती आपली आपण सुधारते आणि परत आलात की हाताला मऊ लागते. तोवर इतरांच्या हिरव्यागार बागांचे फोनवर येणारे फोटोही बघू नका. त्यात कोणी आपला वाळलेला मांडव दाखवत नाही.

ज्यांचे हात थोडे शिवशिवत आहेत, त्यांनी फळांचा एक प्लास्टिकचा क्रेट घ्यावा. तळाला जुनी पोत्याची फडकी, वर वीतभर सावरलेली माती. घरातली मूठभर मेथी रात्री भिजत घाला, सकाळी दाट पसरा, बोटभर माती लोटा आणि झारीने पाणी द्या. हवा गार असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती वर उचललेली दिसते. तीन-साडेतीन आठवड्यांत मेथी खुडायला येते. मुळापासून उपटू नका, दोन बोटं ठेवून कापली तर आणखी एकदा फुटते. एका क्रेटमध्ये चार माणसांची एक वेळची भाजी निघते. तेवढी ताटात पडेपर्यंत बाकीच्या कुंड्यांचं काही ठरवू नका.